ओल्या वाळूतली खुर्ची

दोन वर्षांच्या पोरीला घेऊन समुद्रावर जाण्याला ज्यानं पहिल्यांदा सुट्टी म्हटलं, त्यानं स्वतःची पोर नक्कीच दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर दिलेली असणार. आमची कोको वाळू खाते. टोपी घातली की फेकते, पायाला शेवाळ लागलं की बेंबीच्या देठापासून ओरडते, आणि अंगाला क्रीम लावायला घेतलं की हातातून सुळकन निसटते. माझा नवरा रेजिस संध्याकाळी घरी परतताना आवर्जून विचारतो, "मजा आली ना?" त्याच्या खांद्यावर फक्त छत्री असते, म्हणून त्याला असले प्रश्न सुचतात.

तरी ऑगस्ट उजाडला की आम्ही जातोच. त्याचं कारण माझ्या सासूबाई, ओदेत पेल्टिये. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या, फ्रेंच घरांत आजीला ममे म्हणतात, आणि कोको जन्मल्यापासून आम्ही सगळेच त्यांना ममे म्हणायला लागलो. ममेंचे वडील कापडाच्या गिरणीत होते. वर्षातून एकच आठवडा, ऑगस्टमध्ये, गिरणीला टाळं लागायचं आणि सगळी गिरणी उठून या एका किनाऱ्यावर यायची. एका जिन्यावर राहणारी माणसं इथंही एकमेकांच्या शेजारीच घरं घ्यायची आणि तीच भांडणं खाऱ्या हवेत पुढे चालवायची. ममे दुपट्यातल्या असताना पहिल्यांदा आल्या. पुढे गिरणी बंद पडली. ममे ज्या कारखान्यात बुटांचं चामडं शिवायच्या तोही बंद पडला. आठवडा मात्र त्यांनी सोडला नाही. बाकी वर्षभर त्या कुणाकडे काही मागत नाहीत.

बाई हट्टी आहेत हे मला लग्नाआधीच कळलं होतं. कारखान्यात एकदा नवीन मुकादम आला आणि म्हणाला, मशीनवर बसून फ्रेंच बोलायचं नाही. ममेंनी बोलणंच बंद केलं. त्यांचं बघून सगळ्या रांगेनं बंद केलं. सुई मोडली तरी कुणी सांगेना, दोरा संपला तरी कुणी मागेना, सगळ्या बाया हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसायच्या. शेवटी मुकादमच येऊन म्हणाला, बोला बायांनो, कुठल्या भाषेत बोलायचं ते बोला. सासरे गेल्यावर पाद्रीबुवांनी समजूत घातली की आता घर विकून मुलाकडे राहा. ममेंनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात घराला पिवळाधमक रंग लावून घेतला. मी आयरिश घरातली. आमच्याकडेही हट्टी माणसं आहेत, पण ती निदान आरडाओरडा करतात. या बाई नुसत्या बसून राहतात आणि समोरचा थकतो.

तर यंदा गेलो, आणि आमच्या नेहमीच्या जागेवर दोर बांधलेला. किनाऱ्याचा बराचसा भाग खडकाळ आहे. एकाच ठिकाणी वाळू मऊ आहे आणि पाणी उथळ, लहान पोर बसवावं तर तिथंच. त्याच्या समोरचं मोठं घर हिवाळ्यात विकलं गेलं होतं. नवे मालक लॉरिंग नावाचे, बोस्टनकडचे, पांढऱ्या केसांचे आणि बोलायला गोड. आम्ही खुर्च्या उघडतोय तोवर ते पायऱ्या उतरून आले आणि म्हणाले की ही जागा खाजगी आहे, पार पाण्यापर्यंत. ते खोटं बोलत नव्हते. आमच्या मेन राज्यात किनाऱ्याच्या घराची मालकी ओहोटीच्या पाण्यापर्यंत जाते. भरती-ओहोटीमधल्या ओल्या वाळूवर इतरांना फार जुन्या कायद्यानं तीनच कामांची मुभा आहे: मासे धरणं, पाखरं मारणं आणि होडी नेणं. बसणं, खेळणं, पोराला डबकं करून देणं यातलं काही त्यात नाही. आधीच्या मालकांनी हा कायदा कधी कुणापुढे काढला नव्हता, एवढंच.

रेजिसनं खुर्च्या मिटल्या. रात्रीच्या जेवणाला त्यानं हळूच विषय काढला की पुढच्या वर्षी एखाद्या तळ्याकाठी घर घेऊ. लाटा नाहीत, शेवाळ नाही, संडास जवळ. खरं सांगते, मला ते पटलं. मी मान डोलावली. ममेंनी ताटातला लाल हॉट डॉग अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. त्यांचा आठवडा आम्ही दोघांनी मिळून संपवला होता, आणि ते तिघांनाही कळलं होतं.

सकाळी उठून पाहते तर ममे दारात तयार. अंगात सासऱ्यांचा चौकडीचा शर्ट, हातात सासऱ्यांची मासे पकडायची काठी, आणि बगलेत कोकोसाठी एक छोटी काठी. आमच्याकडे हे नवीन नाही. दोर बांधलेल्या किनाऱ्यावरून नुसतं फिरायला निघालेली म्हातारी माणसंसुद्धा काठी बरोबर ठेवतात, कुणी हटकलं तर दाखवायला. पण काठी घेऊन चालत जाणं निराळं आणि खुर्ची टाकून बसणं निराळं. रेजिस म्हणाला, "आई, तू भांडण उकरून काढतेयस." त्या म्हणाल्या, "मी मासे पकडायला चाललेय. तू दुपारचा स्वयंपाक कर."

मी गेले ती पोरीवर लक्ष ठेवायला. एक गोष्ट मी ठणकावून सांगितली, की कोकोच्या काठीला गळ नको, ती तोंडात घालेल. ममेंनी मुकाट्यानं गळ काढला. गावची वाट किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उतरते. तिथून ओल्या वाळूनं चालत आम्ही त्या जागेवर आलो, दोराच्या खाली खुर्ची मांडली आणि कोकोनं काठीनं पाणी बडवायला सुरुवात केली.

लॉरिंगसाहेब आलेच. त्यांनी कोकोच्या काठीची दोरी उचलून पाहिली आणि म्हणाले, "बाई, याला गळच नाही. हे मासे पकडणं नव्हे."

"माझ्या काठीला आहे," ममे म्हणाल्या. "ती शिकतेय. तुम्ही काय, शेजारी, पाळण्यातून उतरलात ते सही करतच?"

साहेबांनी पोलिसाला बोलावलं. पोलीस आला, त्यानं ममेंची दोरी ओढून पाहिली. गळाला कालच्या लाल हॉट डॉगचा तुकडा लावलेला होता. त्यानं त्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि साहेबांना सांगितलं की आमिष म्हणून काय लावावं याचा काही नियम नाही. दोराच्या वर बाईंनी पाऊल ठेवलं तर बोलवा, खाली त्या मासे पकडतायत. एवढं सांगून तो गेला. मला वाटलं, जिंकलो.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि आपली खुर्ची आणून कोरड्या वाळूवर निवांत बसले. मला थोड्या वेळानं उमगलं. भरती लागली होती. दोर त्यांनी भरतीचं पाणी जिथवर येतं नेमका तिथं, लाटांनी कापलेल्या वाळूच्या कमरेएवढ्या उभ्या बांधाच्या काठावर बांधला होता. आमची ओली पट्टी दर लाटेला आक्रसत होती, आणि हाकलायचं काम समुद्रच फुकटात करणार होता.

आम्ही खुर्ची मागे सरकवली, पुन्हा सरकवली, आणि पाठ दोराखालच्या वाळूच्या बांधाला टेकली. मग पाणी पावलांवर आलं. मेनचा समुद्र ऑगस्टातही असा थंड असतो की हाडं बोलायला लागतात. आणि ममेंना पोहता येत नाही. जन्मभर या किनाऱ्यावर येऊन त्या घोट्याच्या वर कधी पाण्यात गेलेल्या नाहीत. सासरे त्यांना चिडवायचे की तू समुद्र बघायला येतेस की त्याच्यावर नजर ठेवायला. आता पाणी पोटऱ्यांना लागलं होतं, एका हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातात काठी सरळ उभी होती.

कोको भिजून चिंब झाली होती. दात वाजत होते, रडणंही धड फुटेना. माझं डोकं फिरलं. साहेबांवर फिरलं, पोलिसावर फिरलं, घरी स्वयंपाक करत बसलेल्या नवऱ्यावर फिरलं, पण सगळ्यात जास्त ममेंवर. मी म्हटलं, "ममे, बास करा आता. तुमच्या हट्टापायी पोर आजारी पडेल."

तेवढ्यात साहेब उठून दोरापाशी आले. हातात मोठा, जाड, कोरडा टॉवेल होता.

"या वर," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "मी काही राक्षस नाही. मुलीला गुंडाळा, इथं उन्हात बसा. उद्याही या. फक्त येण्याआधी एकदा मला विचारत जा. मी कधीच नाही म्हणणार नाही."

टॉवेल दोरावरून माझ्या अगदी हाताशी आला होता. मी कोकोला घेऊन अर्धं पाऊल उचललंही. मला वाटलं, ममे आता काहीतरी तोडून बोलतील आणि मला त्यांच्याशी भांडता येईल. त्या बोलल्या, पण हळू.

"ब्रिजेट, पोर तुझी आहे. तू म्हणशील तसं."

ती बाई मुकादमासमोर नमली नव्हती, पाद्रीबुवांसमोर नमली नव्हती. तिनं आपला सगळा आठवडा माझ्या हातात ठेवला आणि समुद्राकडे बघत बसली. मी 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी खुर्ची मिटली असती, मला एक शब्द सुनावला नसता, आणि पुढच्या वर्षी तळ्याकाठी निमूटपणे आल्या असत्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर कोको आली, आठ-दहा वर्षांची, हातात बादली घेऊन या माणसाच्या पायऱ्यांशी उभी. काका, आज समुद्रात जाऊ का? तो हो म्हणतोय. दर वेळी हो म्हणतोय. चांगला माणूस आहे. मला त्याचा इतका संताप आला की थंडी पळाली.

"तुमचा टॉवेल ठेवा तुमच्यापाशी," मी म्हटलं. "पोरीला मी घरी नेते."

"मग इकडून जा. माझ्या पायऱ्या चढलात की लगेच रस्ता. त्या टोकापर्यंत पाण्यातून कुठं जाता तिला घेऊन?"

"आलो तशा जाऊ."

कोकोचे ओले कपडे उतरवून मी तिला माझ्या जाड स्वेटरच्या आत, पोटाशी घेतलं. वरून एका हातानं तिला धरलं. दुसऱ्या हातानं ममेंची काठी मागितली, कारण कायदा म्हणजे कायदा, आणि माझ्या पोरीच्या काठीला गळ नव्हता. ममेंनी ती दिली आणि स्वतः बिनगळाची छोटी काठी घेऊन बसल्या. मी चालायला लागले. पाणी गुडघ्यापर्यंत, खाली निसरडे दगड, डावीकडे दोर आणि त्याच्या पलीकडे सपाट, कोरडी, उन्हानं तापलेली वाळू. मी तोंडानं जे काही बोलत गेले ते माझ्या आईनं ऐकलं असतं तर मला साबणानं तोंड धुवायला लावलं असतं. कोको मात्र आत गप्प झाली. ऊब मिळाल्यावर तिनं स्वेटरचा गळा चघळायला घेतला आणि वाटेवर पोचेपर्यंत तिला झोप लागली.

रेजिस वाटेच्या तोंडाशीच आम्हाला शोधत आला होता. मी पोर त्याच्या हातात दिली आणि कोरडे कपडे कुठं आहेत ते सांगितलं.

"आई कुठंय?"

"मासे पकडतायत."

त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "भरती आलीय, ब्रिजेट. तिला पोहता येत नाही. थांब, मी आणतो तिला."

"तू पोरीला घेऊन घरी जा. पाणी याच्या फार वर चढत नाही, आणि मी चाललेय. आणायला नाही, बसायला. त्या तळ्याकाठच्या घराचं परत माझ्यापाशी काढू नकोस."

परत जाताना पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. ममे तशाच बसलेल्या, पाणी खुर्चीच्या कापडाला लागलेलं, ओठ निळे, शर्टाची टोकं तरंगत होती. साहेब दोराच्या पलीकडे टॉवेल घेऊन उभेच होते. मी ममेंची काठी त्यांना परत दिली, छोटी आपल्या हातात घेतली आणि त्यांच्या खुर्चीला टेकून पाण्यातच बसले. थंडीनं माझा श्वास अडकला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी काढला नाही.

"पोर?"

"झोपली."

"बरं झालं," ममे म्हणाल्या. "मग आता ओहोटीपर्यंत घाई नाही."