दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. क्लच दाबता येत नाही, म्हणून वाशिमहून किन्हीराजाच्या शाळेत शिकवायला जाण्यासाठी मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. चार वर्षं तिनं काही त्रास दिला नाही. मागच्या हिवाळ्यात मात्र ती दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. इंजिन नुसतं ओरडायचं, मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत पुढे निघून जायचे, आणि मग एकदम धक्का देऊन तिसरा गिअर पडायचा.

पहिला मिस्त्री चक्कर मारून आला. "मॅडम, क्लचप्लेट गेली."

"अहो, हिले क्लचचं पायडलच नाही!"

"मंग विकून टाका. गिअरवाली घ्या."

माझ्या पायातला लोखंडी पट्ट्यांचा बूट त्याच्या डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्यानं गिअरबॉक्सचं तेल बदललं. फरक शून्य. तिसरा म्हणाला, अख्खा गिअरबॉक्सच काढावा लागेल. तीन आठवडे मी एसटीनं शाळेत गेले. पायरी उंच. रोज कंडक्टर हात द्यायचा आणि रोज मला त्या भल्या माणसाचाच राग यायचा.

शेवटी शिरपूर जैनला गाड्यांचं वायरिंग करणारे एक म्हातारे वायरमन आहेत असं कळलं. रखडत रखडत गाडी तिकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.

"बाई, थंड असताना अशी करते का गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळा. पण खड्ड्यात आदळली की कधीकधी नीट चालते."

मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ते थेट गाडीखाली शिरले आणि गिअरबॉक्सकडे जाणारी एक वायर हलवून पाहिली.

"उंदरानं कुरतडली. टेकली तं चालते, सुटली तं अडकते."

अर्ध्या तासात जोड मारून झाला. परतीच्या रस्त्यावर तिसरा गिअर अलगद पडला, मग चौथाही. आनंद व्हायला हवा होता. पण मी स्टिअरिंग घट्ट धरून, दात आवळून चालवत होते. वीतभर वायर! तिघांनी गाडी तपासली, मला मात्र एकानंही काही विचारलं नाही. घरी पोचले तेव्हा नवरा दारातच म्हणाला, "झाली ना नीट? मग आता कायले चिडून राह्यली?"

मी आत गेले आणि बुटाचे पट्टे सोडत बसले.