किल्ली दिली, नंबर दिला नाही

पारनेरच्या दूध संकलन केंद्रावर मच्छिंद्रनानांनी तीस वर्षं दुधाची फॅट मोजली. कुणाच्या दुधात पाणी आहे ते त्यांना कॅन ओततानाच कळायचं. पण तसं ते कुणाला बोलले नाहीत. यंत्राचा आकडा समोरच्याकडे फिरवायचे, बस. तो माणूस स्वतःच वाचायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. नाना भला माणूस, कुणाला दुखवत नाही, असं गावात म्हणत. नानांनाही तसंच वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीत भरदिवसा घर फुटलं. घरची माणसं कांदा काढायला गेली होती. पुण्याहून रुपालीचे, म्हणजे नानांच्या मुलीचे, रोज फोन सुरू झाले. शेवटी नानांनी अलार्म बसवला. दाराला चुंबकाची पट्टी, खोलीत हालचाल टिपणारा डोळा, पत्र्याखाली भोंगा, आणि तो नंबर दाबून बंद करायला दारात बटणांची डबी. कुणी आत शिरलं की भोंगा वाजणार आणि नानांच्या मोबाईलवर लगेच निरोप येणार. वीज गेली तरी आतली बॅटरी चालणार. बसवणारा प्रवीण हुशार पोरगा होता.

“चोर कुलपाला भीत न्हाई नाना, आवाजाला भितो,” तो म्हणाला. “पण आवाज ऐकून येणार कोण? पुण्याच्या ताई येणार न्हाईत, शेजारी येणार. तवा शेजाऱ्याला आधी सांगायचं. किल्ली कुणाकडं असंल तर त्याला डबीवर दाबायचा वेगळा नंबर देऊन ठेवू.”

नाना म्हणाले, बघू.

किल्ली लंकाआक्कांकडे असायची. शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या, नानांहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि नानांचा नळ मागच्या मोरीत होता. घरी कुणी नसलं की आक्का कुलूप काढायच्या, पिंप भरायच्या, मोरी पुसायच्या आणि कुलूप लावायच्या. अठरा वर्षं हे असंच चाललेलं. त्याचे कुणी आभार मानले नव्हते, मानायचे असतात असं कुणाला वाटलंही नव्हतं.

रुपालीने बजावलं होतं, आता किल्ली परत घ्या. नाना म्हणाले, घेतली. घेतली नव्हती. परत मागितली तर आक्कांना काय वाटेल? आणि नंबराचं सांगावं तर, तुमच्यासाठीच यंत्र बसवलंय असं त्यांना वाटायचं. एकदा दारातल्या डबीकडे बोट करून आक्कांनी विचारलंही, हे काय नवीन? नाना म्हणाले, लाइटीचं काहीतरी.

उन्हाळ्यात राजूरला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. नाना, त्यांची बायको राहीबाई आणि रुपाली असे तिघं आदल्या दिवशीच गेले. जाताना नानांनी नेहमीसारखं आक्कांना पाणी भरायला सांगितलं. रुपाली गाडीत बसली होती, तिला ऐकू गेलं नाही. मग घरात एक चक्कर मारली आणि रुपाली विचारेल म्हणून अलार्म लावून निघाले.

दुसऱ्या दिवशी पाळण्यात नाव ठेवायची वेळ आणि नानांचा मोबाईल वाजायला लागला. निरोप आला: मुख्य दार उघडले. मागोमाग समोरच्या ज्ञानेश्वरचा फोन. त्याच्या आवाजामागे भोंगा नुसता बोंबलत होता.

“नाना, सगळी गल्ली गोळा झालीय. आत लंकाआक्का हायेत. कळशी घेऊन उभ्या राहिल्यात. किल्ली हाय म्हणत्यात. तुमी दिली का?”

अलार्मने आपलं काम चोख केलं होतं. दोन मिनिटांत दहा माणसं दारात. आता फक्त नानांनी एक शब्द बोलायचा होता. पण रुपाली कोपराला कोपर लावून उभी होती. बहिणीचे व्याही बघत होते. किल्ली परत घेतली असं आपण सांगितलंय, एवढंच नानांच्या डोक्यात आलं.

“त्यांना थांबवून ठेव,” ते म्हणाले. “मी येतो.”

फोन बंद झाला. भोंगा थांबवायला त्यांनी प्रवीणला फोन करून सांगितलं, रुपालीला चोराचं काहीतरी सांगितलं आणि जेवण न करता निघाले. राजूरहून संगमनेर, पुढे पारनेर. चार तास. गाडीत रुपाली दोनदा म्हणाली, बघा, मी सांगत होते ना. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. बोलायला चार तास होते आणि ते बोलले नाहीत.

गल्लीत शिरले तेव्हा आक्का नानांच्या पायरीवर बसल्या होत्या. ज्ञानेश्वरने पुढे होऊन सांगितलं की कुणी त्यांना हातसुद्धा लावला नाही, घरी जा म्हणून दहादा सांगितलं, पण ऐकत नाहीत. नाना आल्याबिगर उठायची न्हाई, एवढंच म्हणतात. रिकामी कळशी शेजारी होती. पोरं मोबाईल धरून उभी होती.

नाना गाडीतून उतरले.

“किल्ली मी दिली,” ते म्हणाले. मग आवाज चढवून पुन्हा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “यंत्राचं मी सांगितलं न्हाई. फोनवर इचारलं, तवाबी बोललो न्हाई.”

रुपालीने वडिलांकडे बघितलं. राहीबाईंनी पदर तोंडाला लावला.

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. नानांची किल्ली त्यांनी कठड्यावर ठेवली, हातात दिली नाही.

“मच्छिंद्रभाऊ, पाणी भरायचं ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या. “आता आठ दिस येणार न्हाई. माझी किल्ली द्या.”

आक्कांच्या घराची किल्ली नानांच्या देव्हाऱ्यामागे खिळ्याला असायची. त्यांनी आणून दिली. आक्कांनी ती पदराच्या टोकाला गाठीत बांधली आणि कळशी उचलून गेल्या.

नंतर नाना दोनदा त्यांच्या दारात गेले. वेगळा नंबर कागदावर लिहून नेला. आक्का चहा द्यायच्या, कागद घ्यायच्या नाहीत. गल्लीत आणखी तीन घरांनी अलार्म बसवला. कुणी विचारलं तर नाना सांगायचे, बसवा, चांगला आहे, घर मोकळं टाकून शेतावर जाता येतं. आणि पुढे आपली हकिगत सांगायचे, काही न वगळता. ऐकणाराच अवघडून जायचा.

दिवाळीनंतर आक्कांच्या करणनेही आईसाठी एक बसवून दिला. त्यांचा नंबर ज्ञानेश्वरच्या बायकोला माहीत होता.

एका सकाळी तो भोंगा बोंबलला. नाना अंघोळीवरून तसेच उठून धावले, अनवाणी, बनियनवर. सगळ्यांच्या आधी पोचले. आक्का बाजारातून आल्या होत्या, डबीसमोर उभ्या होत्या, नंबर दाबायला चुकला होता. नानांना डबी ओळखीची होती. ते पुढे झाले.

“तोंड तिकडं करा,” आक्का म्हणाल्या.

नाना वळले. समोरून गल्ली धावत येत होती. मागे एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. भोंगा थांबला तरी नाना तसेच उभे राहिले, आक्का आता वळा म्हणेपर्यंत.