रॉकेलच्या पाणबुडीची खबर आणायला वडगावला

पेठ वडगावला बघायला काय आहे, असं कोल्हापुरात कुणीही विचारेल. आम्ही बघायला नव्हे, ऐकायला गेलो. जर्मनाशी लढाई चालू होती. माझा थोरला भाऊ दस्तगीर मालवाहू जहाजावर स्वैपाकी होता. ते जहाज पाणबुडीनं बुडवल्याची तार येऊन महिने लोटले होते आणि दस्तगीरही गेला असंच सगळे धरून चालले होते. त्याच जहाजावरचा खलाशी बाबालाल वडगावला परतलाय असं कळलं, तेव्हा अम्मा मला म्हणाली, "शिवण ठेव खाली. चल."

सकाळच्या रेल्वेनं हातकणंगले गाठलं. पुढं टांगा. तुम्ही जाणार असाल तर बाजारचा दिवस टाळा. आम्ही दुसऱ्यांच्या कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन पोचलो आणि तरी भाडं पुरं दिलं. रस्ता खडीचा आहे, बुडाखाली गोधडी हवीच.

बाबालालच्या घरी भाकरी, खर्डा आणि घट्ट दही. अम्मानं ताटाला हात लावला नाही.

"खाला, ती पाणबुडी लई जुनी," बाबालाल म्हणाला. "रॉकेलवर चालायची. वर आली की गुऱ्हाळागत धूर. लांबनंच दिसायची, म्हणून सगळी जहाजं पळून जायची. आमाला वाटलं, कुणाचं तरी जहाज पेटलंय. मदतीला गेलो की."

"मग?"

"आमालाच होड्यांत उतरवलं आणि जहाज बुडवलं. कप्तानाला तेवढं कैद करून न्यायची त्यांची रीत. दस्तगीर थंडीनं कुडकुडत हुता, म्हणून कप्तानानं आपला कोट त्याच्या अंगात घातलता. त्यालाच नेलं."

"माझं पोरगं तव्यागत काळं," अम्मा म्हणाली. "साहेब कसा वाटला त्यास्नी?"

"धुरानं सगळेच काळे झालते, खाला. जर्मन बी."

"त्याला विंग्रजी येत न्हाय."

"यस आन नो येतं की. साहेबाला आणिक काय लागतं?"

खरा कप्तान होडीत पोतं पांघरून गप्प बसला होता. पुढं विलायतेत त्याच्या बायकोला जर्मनीतून खबर आली, की तुमचे यजमान आमच्या कैदेत खुशाल आहेत. यजमान समोर चहा पीत होते. त्यांनीच हे बाबालालला सांगितलं. दस्तगीरला बंदरावर उतरवून पाणबुडी पुन्हा निघाली, ती त्या फेरीला बुडाली आणि वर आलीच नाही.

एवढं ऐकल्यावर अम्मानं ताट पुढं ओढलं.

परतीच्या टांग्यात तिनं बजावलं, "कुणाला बोलायचं न्हाय. स्वैपाकी हाय असं जर्मनाला कळलं तर?" कोल्हापुरातली गोष्ट जर्मनीत कशी जाईल, असं मी विचारणार होतो. पण जर्मनीतली वडगावात आलीच होती.

लढाई संपल्यावर दस्तगीर सुखरूप घरी आला. माझ्या मनात मात्र वडगावहून परतल्यानंतरचे दिवस राहिलेत. शेजारणी सांत्वनाला यायच्या, अम्मा पदरात तोंड घालून रडायची आणि मी दाराआड हसू दाबायचो. एकदा सगळ्या गेल्यावर मी म्हणालो, "अम्मा, गेल्या त्या. सोंग पुरं आता."

तिनं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"सोंग कशाचं? जित्ता हाय, व्हय. पर माझ्यापाशी न्हाय की."