चौदा सज्जे

ऑरिन टटल हा माझ्या आईचा दुसरा नवरा. मी नऊ वर्षांची असताना तो आमच्या घरी राहायला आला आणि आल्या दिवशी त्याने स्वयंपाकघराचं घासणारं दार उतरवलं, तासलं, परत बसवलं. बोलला काहीच नाही. मी त्याला ऑरिनच म्हणते. त्याचंही त्यावर काही म्हणणं नाही. तसं त्याचं कशावरच फारसं म्हणणं नसायचं.

तीस वर्षं तो डेल्मर व्हॉसच्या हाताखाली सुतारकाम करत होता. घरं ऑरिन उभी करायचा, पाटीवर नाव व्हॉसचं, कारण लायसन व्हॉसचं. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लायसन नसेल तर दुसऱ्याच्या घराची एक पायरीही बदलता येत नाही. मग गेल्या हिवाळ्यात व्हॉसने जाहीर केलं, आता गुडघे दुखतात, उन्हाळ्यात धंदा बंद. ऑरिन तेव्हा चौपन्न वर्षांचा. लायसन काढायचं, नाहीतर कुणा पंचविशीतल्या पोराच्या हाताखाली फळ्या उचलायच्या.

काउंटी ऑफिसच्या खिडकीवर व्हर्ला बसते. ती कुणालाही नाही म्हणताना इतकं गोड बोलते की माणूस आभार मानून बाहेर पडतो.

"परीक्षा द्यायची, बाळा," ती नाकातून म्हणाली. ऑरिन तिच्यापेक्षा मोठा आहे. "मग या फॉर्मवर तुझी पाच कामं लिहायची. आणि खाली मालकाची सही, की हा माणूस माझ्याकडे होता आणि ही कामं यानेच केली. सही नसेल तर फाइल लायसन बोर्डापुढे जाते आणि तशीच परत येते, राजा."

"परीक्षा कशी असते?" ऑरिनने विचारलं.

"सोप्पी! पुस्तक समोर उघडं ठेवायचं. फक्त पेन्सिलीने काही खरडलेलं नको, चिकटवलेल्या चिठ्ठ्या नकोत. हायलायटर चालतो."

ऑरिन पांढरा पडला. पुस्तक समोर असणं हीच तर त्याची अडचण होती. त्याला वाचता येत नाही असं नाही, पण अक्षरं त्याच्यापुढे नीट उभी राहत नाहीत. "ओलं लाकूड वाळताना वळतं ना, तशी ओळ वळते," तो म्हणतो. साठ प्रश्न, दोन तास, आणि पुस्तक विटेएवढं जाड.

म्हणून मी वाचायचं ठरलं. शाळेतून आले की जेवणाच्या टेबलावर चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि त्यात बुडवायला दालचिनीचे रोल, आणि शेजारी नियमांचं पुस्तक. पहिले दोन दिवस ऑरिन डुलक्या घेत होता. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून जिन्याचं प्रकरण आमच्या चर्चच्या पास्टरच्या आवाजात वाचलं. "पाऽऽयरीची उंची, बंधूंनो, पावणेआठ इंचांच्या वऽऽर जाऊ नये!" ऑरिन इतका हसला की चिली नाकात गेली. आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते आकड्यासकट पाठ!

मग काय, अख्खं गाव आमच्या टेबलावर आलं. जिने पास्टरचे, निळ्या हायलायटरने. खिडक्या व्हर्लाच्या, गुलाबी. "बेडरूमला खिडकी नाही? मग झोपता नाही येणार, बाळा." खिळ्यांचे तक्ते गुरांच्या लिलाववाल्याच्या आवाजात, एका श्वासात. आणि पाया बांधकाम-इन्स्पेक्टर लंडग्रेनचा, हिरवा. लंडग्रेन निम्मे शब्द खातो आणि गाडीतून उतरत नाही. काच खाली करून म्हणतो, "खोली बरोबर? बरं बरं. पुढे." ऑरिन म्हणायचा, "अगदी तोच. आता सही कर आणि गाडी काढ."

जानेवारीच्या शेवटी आम्ही सज्ज्यांच्या प्रकरणाला आलो. आमच्याकडे प्रत्येक घराच्या मागे खांबांवर उभा लाकडी सज्जा असतो, मांस भाजायची ग्रिल तिथे, वाढदिवस तिथे. मी लंडग्रेनचा आवाज लावला. "सज्ज्याची भिंतीलगतची फळी... घराला बोल्टने... नुसत्या खिळ्यांच्या भरवशावर नाही... बरं बरं, पुढे."

ऑरिन हसला नाही.

"पुन्हा वाच," तो म्हणाला. "कुणाची नक्कल न करता."

मी वाचलं. त्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिला.

"आयडाबेल स्ट्रँड," तो म्हणाला.

चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, आयडाबेल स्ट्रँडचा सत्तरावा वाढदिवस होता. सतरा माणसं सज्ज्यावर होती आणि सज्जा भिंतीपासून सुटला. सोळा वाचली. अहवालात आलं, पाणी मुरून लाकूड कुजलं होतं. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच वाटताना व्हॉसने सगळ्यांना तेच सांगितलं.

"कुजलं नव्हतं," ऑरिन म्हणाला. "ती फळी मीच उचलली, पोरी. कोरडी होती. खिळे सरळ निघून आले होते, केकमधून मेणबत्त्या काढाव्यात तसे. बांधताना मी बोल्ट मागितले होते. डेल्मर म्हणाला, कशाला? वर हत्ती नाचणार आहेत का? मी म्हटलं, लायसन त्याचं आहे, त्याला माहीत असेल."

"बाकीचे सज्जे?"

तो मोजत बसला. त्याला पत्ते आठवत नाहीत, कुत्री आठवतात. लाल कुत्र्याचं घर, तीन पायांच्या कुत्र्याचं घर. स्ट्रँडचा धरून चौदा निघाले.

फेब्रुवारीत तो परीक्षेला बसला आणि पास झाला. साठपैकी पंचावन्न! आईने निकाल फ्रिजवर चुंबकाने लावला. निकाल वर्षभर चालतो, तेवढ्यात बाकीचे कागद पुरे करायचे. राहिली होती व्हॉसची सही.

आम्ही दोघं व्हॉसच्या शेडवर गेलो. व्हॉस पेन घेऊनच बसला होता. "या, कॉन्ट्रॅक्टरसाहेब!" मग त्याने फॉर्म उलटला. "अरे, पाच कामं मागितलीत त्यांनी. चौदा काय लिहिलीस? हॉटेलचं मेनूकार्ड आहे का हे?" आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. "पहिलंच स्ट्रँडचं?"

"सगळे खिळ्यांवर आहेत, डेल्मर. लोक वर उभे राहतात रे. बोल्ट मारून टाकू. दोन आठवड्यांचं काम."

"आणि विचारलं का मारतोय, तर? आपल्याच तोंडाने सांगायचं, आयडाबेलला आपण मारलं?"

"आपण म्हणालास तू," ऑरिन म्हणाला.

व्हॉसने फॉर्म टेबलावर टाकला. मग थकल्या आवाजात म्हणाला, "हे बघ, दुसरा फॉर्म घे. पाच गॅरेजं लिही. तू बांधलेलीच लिही, खोटं काही नाही. आत्ता सही देतो."

ऑरिन त्याच्या हातातल्या पेनाकडे बघत होता. मला वाटलं, घेईल. देवाशपथ, मला वाटत होतं, घ्यावं.

"यादी हीच आहे," तो म्हणाला.

व्हॉसने पेनाचं टोपण लावलं.

मार्चमध्ये बोर्डाने आम्हाला पाच मिनिटं दिली. अध्यक्ष प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा. "खं. मिस्टर टटल, मालकाची सही नाही. खं. फाइल अपुरी." ऑरिन उभा राहून म्हणाला, त्या यादीतले तेरा सज्जे अजून उभे आहेत, कुणीतरी बघायला पाहिजे. "खं. तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही. लेखी तक्रार इन्स्पेक्टरकडे द्या." इन्स्पेक्टर म्हणजे लंडग्रेन. चौदाच्या चौदा सज्ज्यांना त्याने गाडीतूनच मंजुरी दिली होती. आम्ही तक्रार दिली. उत्तर आलं नाही.

मग ऑरिन घरोघर गेला. दोघांनी ऐकलं आणि दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावून बोल्ट मारून घेतले. बाकीच्यांच्या दारात आधीच व्हॉसचा फोन पोचला होता. तीन पायांच्या कुत्र्याचा मालक हॅस्केल प्रुइट जाळीच्या दाराआडूनच म्हणाला, "लायसन मिळालं नाही म्हणून लोकांना घाबरवून काम मागत फिरतोस म्हणे? लाज वाटू दे, ऑरिन."

मे महिन्यात शाळा संपली की आमच्याकडे शेवटचं वर्ष पास झालेल्या प्रत्येक पोराच्या घरी शनिवारी दुपारी पार्टी असते. प्रुइटची मुलगी माझ्या एक वर्ष पुढे. मला आमंत्रण होतं. ऑरिन म्हणाला, मी सोडतो. पिकअपच्या मागे त्याने ताडपत्रीखाली स्क्रू फिरवून उंच करायचे लोखंडी टेकू टाकले होते, ते मी पाहिलं आणि गाडीत चढले.

सज्ज्यावर फुगे, पोर्कचं मोठं पातेलं, आजीआजोबा खुर्च्यांवर. "बावीस," गाडीतून ऑरिन म्हणाला. आणखी चौघं चढले. "सव्वीस." तो उतरला, टेकू खांद्यावर घेतले आणि कुणाला न विचारता सज्ज्याखाली शिरला.

"ऑरिन! बाहेर ये!" प्रुइट कठड्यावरून ओरडत होता. "माझ्या पोरीचा दिवस आहे आज!" वर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "त्याला सँडविच द्या रे, भुकेला असेल." खालून फक्त स्क्रू फिरल्याचा आवाज येत होता. मी सज्ज्याच्या कडेला जाऊन वाकून पाहिलं. भिंतीलगतच्या फळीत आणि भिंतीत माझं बोट जाईल एवढी फट होती.

प्रुइटने लंडग्रेनला फोन केला. या खेपेला लंडग्रेन गाडीतून उतरला. वाकला, टॉर्च मारला, त्या फटीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खिशातून लाल कागद काढला आणि ऑरिनच्या नावाने लिहिला. लायसनशिवाय दुसऱ्याच्या घराचं काम केलं, म्हणून पाच वर्षं लायसनला बंदी.

"सही इथे," तो म्हणाला. "घरमालकाने सांगितलंय, टेकू काढून ने."

"तू काढ," ऑरिन म्हणाला.

लंडग्रेनने पुन्हा वर पाहिलं, खुर्च्यांच्या पायांकडे. टेकूंना हात लावला नाही.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

ऑरिनने नको म्हणून मान हलवली. त्याने कागद टेकूवर धरला आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत स्वतःच वाचायला लागला. इतका वेळ लागला की वर केक कापून झाला, टाळ्या झाल्या, आणि नाचायला लागलेल्या पोरांच्या पायांनी फळ्यांमधली धूळ त्याच्या टोपीवर पडत राहिली. लंडग्रेन थांबला होता. शेवटच्या ओळीला पोचल्यावर ऑरिनने सही केली.

फ्रिजवरचा निकाल आईने अजून काढलेला नाही. पुढच्या शनिवारी लाल कुत्र्याच्या घरी पार्टी आहे, आणि तिथला सज्जा अजून खिळ्यांवरच आहे.