धरणावरच्या दोन सारख्या बोटी

मित्रांनो, आज दुपारी आई, ताई आणि भाची पिहूला घेऊन धरणावर गेलो होतो. घाटाला छत असलेल्या दोन मोठ्या बोटी लागल्या होत्या, हुबेहूब सारख्या. पिहूला पोहता येत नाही, म्हणून मी दोन्ही बोटींतल्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले.

“बोट निवडून राहिला की नवरी?” ताई हसली.

शेवटी डावीकडची घेतली. निघताना आई म्हणाली, “नर्मदे हर!” उत्तर मागून आलं, बांधून ठेवलेल्या दुसऱ्या, रिकाम्या बोटीतून.

नावाडी एवढंच म्हणाला, “भैया, पीछे मत देखो.”

पिहूनं पाहिलं. “मामा, त्या बोटीत पण तूच आहेस. तिथली पिहू रडून राहिली.”

आम्ही मदन महलला, घरी सुखरूप पोचलो. तुम्हीच सांगा, त्या बोटीतले ते पोचले असतील का?