इनासचे सोळा तास

फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटला कुशीवर वळवून त्यांची पाठ पुसत होते. आयाबाई सांगत आली, "सिस्टर, वसईहून फोन आहे." पलीकडे विलास होता. आमच्या शेजारच्या वाडीतला, माझ्या भावाचा लहानपणापासूनचा मित्र. "आग्नेस, इनास गेला गं. साडेदहाला. मावशी जवळच होत्या." मावशी म्हणजे माझी आई. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. परत येऊन त्या म्हाताऱ्यांच्या पाठीला पावडर लावली, चादर सारखी केली, आणि मगच मेट्रनकडे रजा मागायला गेले. गेल्या पाच-सहा वर्षांत किती परक्या माणसांच्या पाठी मी अशा पुसल्या असतील… आणि ज्याच्या पाठीवर हे काम शिकले, त्याच्याजवळ त्या सकाळी मी नव्हते.

काल चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. फादरांनी प्रवचनात इनासच्या सोशिकपणाबद्दल सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बघत बसले. कारण माझा भाऊ सोशिक नव्हता. तो तापट होता, हट्टी होता, आणि पडून राहायला लागल्यावर तर त्याच्या जिभेला धारच आली होती. त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वायरमनचा कोर्स पुरा करून नोकरीची वाट बघत होता. मे महिन्यातली गोष्ट. नारळ पाडणारा माणूस सांगूनही दोन दिवस आला नव्हता, आणि घरात पाहुणे यायचे होते. "मीच चढतो," म्हणून इनास माडावर चढला. लहानपणापासून चढायचा. त्या दिवशी वरून पडला. खालच्या पाटाच्या दगडी कडेवर पाठ आपटली आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मुंबईच्या हॉस्पिटलात चार महिने काढून त्याला घरी आणलं, आणि वाडीकडच्या खोलीत खिडकीखाली लोखंडी खाट टाकली. वडील आधीच वारले होते. आईला वाडी, केळी, पानवेल, बाजार. इनासला बघायचं काम माझ्याकडे आलं. कुणी मला विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही तेव्हा सुचलं नाही.

दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं. अंग पुसायचं, दाबाने जखम झाली नाही ना म्हणून पाठ बघायची, भांडी द्यायची, न्यायची. काही हवं असलं की तो स्टीलचा पेला खाटेच्या दांड्यावर आपटायचा. ठण् ठण् ठण्. मी विहिरीवर असो, चुलीपाशी असो, तो आवाज मला गाठायचाच. कधी जाऊन बघावं तर काहीच नको असायचं. "तू आहेस का बघितलं," म्हणायचा. कधी भरलेला चहाचा कप भिंतीवर फेकायचा आणि मग मी भिंत पुसताना एकटक माझ्याकडे बघत राहायचा. मी त्याचा द्वेष करायचे. माझ्या बरोबरीच्या मुली लग्न करून जात होत्या, शिक्षिका होत होत्या. माझं जग त्या दोन तासांच्या अंतरात मावत होतं. उंबरठ्यापासून विहिरीपर्यंत.

त्या घरात विमान आणलं ते विलासने. तो गोखिवऱ्याला एका लहान कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळायचा. त्याचे मामा बोटीवर होते. त्यांनी त्याला रेडिओवर चालणाऱ्या विमानाचा संच आणून दिला. हातात धरायची, लांब एरियलची आणि विमान वळवायच्या दोन दांड्यांची पेटी, आणि तिचे इशारे ऐकणारा, विमानात बसवायचा, सेलवर चालणारा छोटा डबा. विमान विलासने स्वतः बनवलं. हलकं लाकूड, वर ताणून चिकटवलेला पातळ कागद, पुढे गांधीलमाशीसारखं भणभणणारं इवलंसं इंजिन. भातकापणी झाली की आमच्या मागची शेतं मोकळी पडतात. रविवारच्या मिस्सेनंतर तिथे तो ते उडवायचा. पण संचाबरोबर आलेले सेल वर्षभरात मेले. पुन्हा भरता येणारे ते सेल तेव्हा कुठे सहज मिळायचे नाहीत. विलासने मुंबईच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या यंत्रांतले वीस सेल आणले आणि पिशवीसकट इनासच्या पोटावर ओतले. "यातले चांगले कुठले ते सांग. मला दिवसभर बसायला वेळ नाही. तुला आहे."

मला वाटलं, आता कप विलासच्या डोक्यात बसणार. पण इनासने एक सेल उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाला, "मीटर आण."

त्यानंतर दोन वर्षं त्या खोलीत दुसरा विषय नव्हता. निवडायची त्याची पद्धत साधी होती, पण त्याला चिकाटी लागायची. प्रत्येक सेल पूर्ण भरायचा. मग त्याला टॉर्चचा एक बारका दिवा जोडायचा आणि मीटरचा काटा खाली येईपर्यंत किती वेळ तो तग धरतो ते घड्याळावर बघायचं. कुणी दोन तास टिकायचा, कुणी पाऊण तासात मान टाकायचा. ज्यांचा वेळ अगदी सारखा, त्या चौघांचा एक पॅक. "यात मोठा सेल महत्त्वाचा नसतो, बाय," तो मला सांगायचा. "चौघं एकदम थकले पाहिजेत. एक आधी संपला तर बाकीचे त्याला मारतात, आणि विमान आभाळातच बहिरं होतं. मग खालून कितीही दांड्या हलवा." घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत लिहिते आहे.

भरायचे तेही सावकाश. घाई केली की सेल तापतो आणि मरतो. आधी दिव्यावर रिकामे करायचे, मग विलासने बनवलेल्या चार्जरवर सोळा तास. शनिवारी दुपारी चारला लावले की रविवारी सकाळी आठला काढायचे. आमच्या घरात पिन लावायची जागा एकच, बाहेरच्या पडवीत. म्हणजे चार्जर पडवीत आणि इनास आत. त्यामुळे ते सोळा तास माझ्या गळ्यात पडले. वीज केव्हा गेली, केव्हा आली, मी वहीत लिहायचं आणि तेवढा वेळ पुढे वाढवायचा. आधीच दोन-दोन तासांनी बांधलेली मी, त्यात हे. रविवारी विमान उडायचं तेव्हा इनासच्या खिडकीतून ते क्षणभर दिसायचं आणि जायचं. त्या क्षणासाठी तो आठवडाभर धडपडायचा. मला मात्र ते विमान बघवत नसे. मोकळं काहीही मला तेव्हा बघवत नसे.

तिसऱ्या वर्षी मी चोरून नर्सिंगच्या प्रशिक्षणाचा अर्ज केला. शाळेतल्या बाईंनी फॉर्म आणून दिला होता. निवड झाल्याचं पत्र आलं ते नेमकं शनिवारी. चार्जर लावून तासभर झाला असेल. मी पत्र आईला वाचून दाखवलं. आई केळीची पानं पुसत होती. तिने वर न बघता विचारलं, "मग इनासला कोण बघेल?" रागावली नाही, नाही म्हणाली नाही. एवढंच विचारलं. मी पत्राची घडी घालून ते वहीत ठेवलं.

सहाच्या सुमाराला मी दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेसाठी झग्याला इस्त्री करायला घेतली. त्यासाठी चार्जरची पिन काढली. असं नेहमीच करावं लागायचं. पंधरा मिनिटं वहीत लिहिली की झालं. इस्त्री झाली. पिन माझ्या हातात होती… आणि मी ती परत लावली नाही. विसरले नाही. लावली नाही. आत तो पेला आपटत होता. मी पिन फळीवर ठेवली आणि त्याला पाणी द्यायला गेले. सकाळी सहाला उठल्यावर भीती वाटली म्हणून लावली. आठला त्याने विचारलं, "झाले सोळा?" मी म्हटलं, "झाले." चार तासही जेमतेम झाले होते.

विलासने नेहमीप्रमाणे मीटर लावून बघितलं. काटा छान वर गेला. हे सेल असेच असतात. नुकते भरलेले असले की अर्धपोटीसुद्धा तृप्त दिसतात. पहिलं उड्डाण नीट झालं. दुसऱ्या वेळी विमान शेतावरून वळलंच नाही. सरळ निघालं, माडांवरून, वस्तीकडे. विलास पेटी उंच धरून बांधांवरून धावत होता. मिस्सेवरून परतणारी माणसं वाटेवर होती. विमान वाटेवरच्या क्रुसाच्या चौथऱ्यावर आदळलं. तिथून चार पावलांवर एक बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती. इंजिनचा पंखा तुटून तिच्या पायाशी पडला. तिला काही झालं नाही, बाळालाही नाही. पण ती मटकन खाली बसली आणि किती वेळ उठेना. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं, इस्त्रीच्या झग्यात उभी राहून.

त्याच दुपारी गावातल्या वडीलधाऱ्यांनी विलासला बजावलं, यापुढे इथे उडवायचं नाही. तो तडक इनासच्या खोलीत आला. "मूल मेलं असतं, इनास! काय केलंस तू?" इनास छताकडे बघत म्हणाला, "चूक माझी. एक सेल कच्चा होता. निवडताना मी चुकलो." विलास निघून गेला. विमानातून सुटलेला सेलचा पॅक तेवढा खाटेवर टाकून गेला. मी दाराआड होते. तिथूनच मी विहिरीवर पाण्याला निघून गेले.

मंगळवारी इनासने मला लांब वायर जोडून चार्जर खाटेपाशी आणायला लावला. या वेळी सोळा तास त्याने स्वतः मोजले. बुधवारी जेवणं झाल्यावर पॅक सोडवला, चार सेलना चार दिवे जोडले, ते एका ताटात मांडले आणि ताट छातीवर घेऊन पडून राहिला. मला म्हणाला, "बस इथे." मी बसले. अर्धा तास गेला, तास गेला. भर दुपारच्या उजेडात ते चार बारके दिवे जळत होते. एक तरी आधी विझावा म्हणून मी मनात प्रार्थना करत होते. पावणेदोन तास झाले. दोन तास झाले. मग चारही एकदमच पिवळे पडले आणि एकदमच विझले.

"चौघंही धडधाकट आहेत," तो म्हणाला.

"पिन मी काढली होती," मी म्हटलं. "मुद्दाम."

"रविवारीच कळलं मला. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे न बघता उत्तर दिलंस."

"मग विलासला का नाही सांगितलंस?"

त्याने एकेक दिवा सोडवून ताटात ठेवला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू राहिली असतीस. भरपाई म्हणून, जन्मभर. मला तसलं राहणं नको." आणि थोड्या वेळाने, "पत्र आलंय ना? आई बोलली मला. जा तू. पण आता समोरून ऊठ. तुझं तोंड बघवत नाही."

त्याने मला क्षमा केली, असं मी म्हणणार नाही. पुढचे आठ दिवस तो माझ्या हातचं जेवला नाही, आईने भरवलं. मी निघाले त्या सकाळी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. पण आईशी वाद त्यानेच घातला होता, आणि लांबच्या नात्यातली एक विधवा बाई सोबतीला आणायची तेही त्यानेच ठरवलं होतं. हॉस्टेलवर गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी विलासला पत्र लिहून सगळं खरं कळवलं. त्याने मला उत्तर पाठवलं नाही. पुढच्या रविवारी तो सरळ इनासच्या खोलीत जाऊन बसला. गावात विमान पुन्हा उडालं नाही. पण विलासने मुंबईतल्या विमानं उडवणाऱ्यांशी ओळख काढली होती, आणि त्यांचे सेल निवडायला इनासकडे येऊ लागले. दुसऱ्यांची विमानं दूर कुठल्याशा मैदानावर उडत राहिली. त्याने त्यातलं एकही बघितलं नाही. मी सुट्टीला आले की पाठ बघायचे. पाठ ठीक असायची. मग आम्ही बोलायचो, जेवढं जमेल तेवढं. मुंबईत परतताना स्टेशनपर्यंत मला पेल्याचा आवाज ऐकू यायचा… खरं तर तो कधीच थांबला नाही. शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला. हे होणार हे नर्स म्हणून मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पगारातून घरात मोझॅकच्या लाद्या बसवल्या. कामगार इनासच्या खोलीत आले आणि खाट दोन दिवस पडवीत हलवायला म्हणाले. हा ऐकेना. "सेल लागलेत. सोळा तास मी हलणार नाही." सोळा झाले तर दुसरे लावले. कंटाळून त्यांनी खाटेभोवतीच लाद्या बसवल्या. परवा आम्ही खाट बाहेर काढली, तर खाली जुन्या लाल कोब्याची जमीन तशीच. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. आईने लादीवाल्याला बोलावलं होतं. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. दुपारी आईचा डोळा लागल्यावर त्या कोब्यावर चटई टाकली आणि उताणी पडले. त्या घरात मी जन्मले, पण त्या जागेवरून वर कधी बघितलं नव्हतं. खिडकीतून वाडी दिसत नाही, विहीर दिसत नाही, वाटही नाही. नुसतं आभाळ दिसतं.