मामीला कुठं जायचं नव्हतं

श्रावणातल्या रविवारची दुपार आहे. अमरावतीतल्या आपल्या घरात शैलेश वानखडे दिवाणावर आडवा झालाय, पण जेवताना बायकोशी झालेली खडाजंगी डोक्यातून उतरत नाही. उद्या पंधरा ऑगस्ट. त्यांची मिहिका, चौथीतली, शाळेत भाषण करणार आहे. आणि मिहिका बोलताना अडखळते. पहिलं अक्षर ओठांवर येऊन अडून बसतं, हट्टी बैलासारखं. रेवती सकाळपासून तिच्याकडून घोकून घेतेय. शैलेशचं म्हणणं, नाव काढून टाकू. पोरं हसली तर?

"किती दिवस पदराखाली झाकणार तिला?" रेवती म्हणाली.

"आणि तू किती दिवस तासणार?" तो म्हणाला.

मिहिका अर्ध्या जेवणावरून उठून गेली.

पंखा फिरतोय. त्याची घरघर जड होत जाते, जात्यासारखी. उठून पाहावं, कोण दळतंय, असं शैलेशला वाटतं. तो उठतो. पाय फरशीला लागले की नाही, कळत नाही.

स्वयंपाकघराचं दार त्याच्याच घरचं आहे. आतली जमीन मात्र शेणानं सारवलेली. हे परतवाड्याचं घर, दुर्गामामीचं. मामी भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसलीय. मिहिका पाळण्यात होती तेव्हाच मामी गेली, हे शैलेशला पक्कं ठाऊक आहे. तरी नवल वाटत नाही.

"उभा काऊन? बस न," मामी वर न पाहता म्हणते.

तो मांडी घालून बसतो, तर आपले गुडघे त्याला एवढेएवढे दिसतात. मामीशी बोलायला तोंड उघडतो आणि जुनी गाठ घशाशी येते. लहानपणी तोही असाच अडखळायचा.

"मा... मा... मा..."

मामी शेंग सोलते. दाणे टोपल्यात, साल बाजूला. दुसरी शेंग उचलते. त्याच्या तोंडाकडे ती पाहत नाही. पण तिचा कान त्याच्याकडे आहे, हे त्याला कळतं.

"मामी, तू इथं कशी?"

"आता घ्या! माझ्याच घरात मला पुसतो?"

दोघं हसतात. हसताहसता भिंतीपलीकडून आवाज येतो: "पुन्हा. नीट म्हण." शैलेशचा चेहरा उतरतो. ते अण्णा, त्याचे वडील. भिंत मागे सरकते आणि पलीकडे अमरावतीची जुनी खोली दिसते. अण्णा पाठ ताठ करून बसलेत, पुढ्यात वाचनाचं पुस्तक. रोज पहाटे शैलेश अडखळला की अण्णा त्याला ओळीच्या सुरुवातीला परत पाठवायचे. दारात आई उभी. पाहुण्यांनी "बाळ, नाव काय तुझं?" विचारलं की शैलेशनं तोंड उघडायच्या आत तीच सांगून टाकायची. एक ढकलायचा, एक झाकायची. दोघांच्या मधे शैलेशनं बोलणंच सोडलं होतं.

"त्यांच्यापायीच..." तो मामीला म्हणू लागतो.

"नावं नको ठेवू," मामी म्हणते. "तुले इथं कोणी आणून सोडलं?"

दारात अण्णांच्या चपला दिसतात, रस्त्याच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या. अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे आहेत. ज्यांनी जन्मात कुणापुढे मान वाकवली नाही, ते खाली पाहत मामीला म्हणतायत, "वहिनी, माझ्याच्यानं होत नाही. मी जितकं बोलतो तितकं पोरगं मिटत चाललंय. वर्षभर तुम्ही पाहा." मागे आई शैलेशचे कपडे छातीशी धरून उभी आहे. आज पहिल्यांदाच ती काही बोलत नाही.

हे आत्ता कळलं, की आधीपासून कुठंतरी ठाऊक होतं, ते त्याला सांगता येत नाही. एवढंच होतं, की अण्णांच्या त्या धुळीच्या पायांवर डोकं टेकावंसं वाटतं. तो उठतो, तोवर उंबरा रिकामा असतो.

"चाल," मामी पदर खोचते. "गूळ आणायचा हाय."

गल्ली आहे, पुढे किराणा दुकान. दुकानाचा ओटा शैलेशच्या डोक्याच्याही वर गेलेला. शेजारणी आपापल्या पोरांजवळ चिठ्ठी देत. मामीनं त्याला कधी चिठ्ठी दिली नाही.

"पा... पा..."

मागे माणसं जमतात. कुणीतरी खोकतं, कुणीतरी म्हणतं, "अहो बाई, तुम्हीच सांगा न!"

"त्याले मागू द्या. दुकान काई पळून नाही चाललं," मामी म्हणते आणि ओट्याला टेकून आरामात उभी राहते, जणू सारी सकाळ तिला दुकानातच काढायची आहे.

"पाव किलो गूळ."

दुकानदार गूळ मोजत नाही. तो शैलेशच्या हातात माईक देतो. ओटा आता लांबरुंद झालाय, त्याला तिरंगी पताका लागल्यात. ते मिहिकाच्या शाळेचं व्यासपीठ आहे. माईकपुढे मिहिका उभी, पांढऱ्या गणवेशात. तिचे ओठ मिटलेत, मान थरथरतेय. एका कडेला रेवती पुढचे शब्द कुजबुजतेय. दुसऱ्या कडेनं शैलेश स्वतःच पायऱ्या चढतोय, लेकीला उचलून खाली आणायला.

मामी मागून त्याच्या सदऱ्याची बाही धरते.

"बस."

"मामी, ती अडलीय!"

"मंग? तूही अडायचा. बस माझ्याजवळ."

मैदानात सगळ्यांत मागे दोघं गवतावर बसतात. मामी ओच्यातून संत्रं काढते आणि सोलायला त्याच्या हातात देते. तो अंगठा सालीत रुतवतो. तुषार उडतो, डोळ्यांत जातो, पाणी येतं. बरंच पाणी येतं. तिकडे मिहिका अजून गप्पच आहे. इकडे मामी एकेक फोड खातेय, बिया मुठीत जमवतेय.

शैलेशला काहीतरी सांगायचंय. दिवसभर डॉक्टरांच्या दारोदार फिरून औषधांबद्दल बोलणारा माणूस तो. बोलण्यावर त्याचं घर चालतं. मामी होती तोवर हे कधी सांगितलं नाही. तो तोंड उघडतो, आणि शब्द अडतो.

"तू... तू... तू..."

मामी थांबते. फोड हातात तशीच.

"तू थांबलीस, मामी. माझ्यासाठी सगळे घाईत होते. तू थांबलीस."

मामी त्याच्याकडे नीट पाहते, या साऱ्या वेळात पहिल्यांदा.

"मंग? मले कुठं जायचं होतं?"

व्यासपीठावर मिहिकाचे ओठ हलतात. माईक घरघरतो, आणि ती घरघर पंख्याची होते.

शैलेश डोळे उघडतो. गाल ओले आहेत. खिडकीत सर येऊन गेल्यानंतरचं पिवळं ऊन आहे, आणि दिवाणाशेजारी मिहिका उभी आहे. तिला काहीतरी म्हणायचंय.

"उ... उ..."

'उद्या?' हा शब्द त्याच्या जिभेवर येतो. तो गिळतो. मागे दारात रेवती येऊन उभी राहिलीय. तिचेही ओठ उघडतात. शैलेश तिच्याकडे नुसतं पाहतो आणि बाजूची जागा थोपटतो. रेवती क्षणभर घुटमळते, मग येऊन बसते. तिघांनाही कुठं जायचं नाही.

"उद्या तुम्ही दोघं या," मिहिका म्हणते. "पण मागे बसा. आणि मी थां... थां... थांबले तरी कुणी काही बोलू नका."

"नाही बोलणार," शैलेश म्हणतो.

रेवती मान हलवते. मग लेकीला जवळ ओढते. "दुपारी ताट टाकून उठलीस. भूक लागली असेल ना?"

 मिहिका बापाचा हात नाकाशी नेऊन हुंगतेय. बागांमधली संत्री अजून झाडावर हिरवीच आहेत. बाजारात यायला दिवाळी उजाडेल. पण शैलेशच्या अंगठ्याच्या नखाखाली ओलसर केशरी साल अडकलेली आहे, आणि खोलीभर तिचा वास सुटलाय.

"बाबा," लेक भुवया उंचावून, सावकाश विचारते, "सं... सं... संत्रं तू एकट्यानंच खाल्लंस?"